सार्जंटचं बारावं दार

माझ्या सासूबाईंना रडताना आतापर्यंत चार-पाच हजार अमेरिकन पोरांनी तरी पाहिलं असेल. दर एप्रिलमध्ये आमच्या भागातल्या शाळांत पोलीस ती फिल्म दाखवतात, आणि दाखवून झाली की सार्जंट नॉर्डबी मला आभाराचं कार्ड पाठवतो. तुमच्या घरामुळे यंदाही पोरं गाड्या जपून चालवताहेत, अशा अर्थाचं त्यात काहीतरी असतं. मी ती कार्डं फाडून टाकते. सासूबाईंचं ते रडणं मी घडवून आणलं होतं, आणि त्यासाठी मला पोलीस, कॅमेरा आणि माझी स्वतःची मुलगी एवढा सगळा फौजफाटा लागला.

गोष्ट २००५ सालची. मिनियापोलिसच्या बाजूच्या एका उपनगरात आम्ही राहायचो. मी, नवरा संजीव, मुलगी अनिका आणि धाकटा कुश. नागपूर सोडून तेरा वर्षं झाली होती. अनिका हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती, कुश तिच्यामागे दोन वर्षं. दोघं एकाच शाळेत, एकाच गाडीतून जायची आणि गाडी अनिका चालवायची. सासूबाई, म्हणजे वसुधाबाई, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि आणखी सहा महिने राहायचा त्यांचा विचार होता. माझा विचार कुणी विचारला नव्हता.

इथे शाळा संपताना प्रॉम नावाचा नाच असतो. पोरं नटूनथटून जातात, कुठेतरी चोरून बिअर ढोसतात आणि गाड्या हाकतात. आदल्या वर्षी आमच्याच शाळेची दोन पोरं प्रॉमहून परतताना एका वळणावर झाडाला धडकून जागच्या जागी गेली. म्हणून त्या वर्षी पोलिसांनी एक कार्यक्रम आखला. दहा मुलं निवडायची. भर वर्गात काळा झगा घातलेला पोलीस येणार, त्यातल्या एकाला उठवून नेणार, तोंडाला पांढरा रंग फासणार. ते मूल त्या क्षणापासून मेलं. त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत घरच्यांशी, मित्रांशी एक शब्द बोलायचा नाही. दरम्यान पोलीस त्याच्या घरी जाणार, खऱ्यासारखी मृत्यूची बातमी देणार आणि त्याची फिल्म घेणार. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला जिममध्ये, म्हणजे खेळांच्या मोठ्या हॉलमध्ये बसवून ती दाखवायची. पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं की पाय ॲक्सिलरेटरवरून जरा उचलला जाईल, असा हिशेब.

सार्जंट नॉर्डबीने पालकांची सभा घेतली होती. उंच, पडलेल्या खांद्यांचा माणूस, बोलताना टोपी हातात फिरवायचा. तो म्हणाला की नोकरीत मी अकरा घरांच्या पायऱ्या चढून ही बातमी दिली आहे, आणि अकराही दारं मला रंगासकट आठवतात. बारावं खरं दार मला नको आहे, म्हणून ही खोटी दारं. माणूस मनापासून बोलत होता. पुढे जे झालं त्यात त्याचा काडीचा दोष नाही.

दहा मुलांत अनिकाचं नाव आलं. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची, सगळी शाळा तिला ओळखायची, ती मेली तर पोरांना वाईट वाटेल असा शिक्षकांचा अंदाज. संजीवने फॉर्म वाचला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे नाटक आहे हे आधी समजावून सांगा आणि त्याची सही घ्या, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. संजीव म्हणाला, आईला तू नीट सांग. अनिकाही मला दोनदा म्हणाली, "मॉम, आजीला आधी सांगशील ना? घाबरेल ती." मी म्हटलं, सांगते.

मी सांगितलं नाही. सासूबाईंचा व्हिसा वाढवायचे कागद त्याच आठवड्यात भरायचे होते. मी बोट ठेवीन तिथे त्या मराठीत सही करायच्या, वाचायच्या नाहीत, वाचून कळलं नसतंच. त्या कागदांत मी हाही कागद सरकवला. "व. ग. देशकर" अशी त्यांची वाटोळी सही पोलिसांच्या फाइलला लागली.

का केलं, ते सांगते. अनिका झाली तेव्हा नागपूरला या बाईंनी बर्फीचा एक तुकडा कुणाच्या हातावर ठेवला नाही. बाराव्या दिवशी आल्या, पाळण्यात डोकावल्या, "पहिली बेटी धनाची पेटी, चालायचंच" म्हणाल्या आणि चहा मागितला. कुश झाला तेव्हा गल्लीत घरोघरी पेढे. अमेरिकेत आलो तरी दर दिवाळीला पार्सल यायचं ते कुशचं. सोन्याचा गोफ कुशला, जरीची टोपी कुशला, दृष्ट काढायची ती कुशची. अनिकाला काय? काही नाही. मारलं नाही, रागावल्या नाहीत. ती घरात असायची आणि यांना दिसायची नाही, इतकंच.

मग मी खोटं बोलायला लागले. दर वाढदिवसाला मीच एक पार्सल बांधायचे आणि आजीने पाठवलं म्हणून अनिकाच्या हातात द्यायचे. हिरवा परकर-पोलका, मोत्यांची कुडी, चांदीचे पैंजण. पोरगी हरखून जायची. आजीला उत्तर लिहायचं म्हणून ती माझ्याकडून मराठी लिहायला शिकली, इथल्या किती मुलांना येतं ते? पत्रं मी खरोखरीच टाकायचे. उत्तर कधी आलं नाही. आजीचे डोळे अधू आहेत, असं मी सांगायचे. सासूबाई इथे आल्यावर अनिकाने पैंजणांबद्दल त्यांचे आभार मानले. आता बिंग फुटणार, मला वाटलं. पण बाई पक्क्या. "मिळाले ना? बरं झालं," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

अठरा वर्षं मनात एकच होतं. या बाईला एकदा, फक्त एकदा, अनिकासाठी रडताना बघायचं. पोलिसांचा कागद हातात आला आणि मला वाटलं, ही संधी देवानेच दिली. आता छाती पिटून रड म्हणावं. हरवल्यावर कळू दे काय होतं ते.

तो दिवस बुधवार. संजीव ऑफिसात, मीटिंगमधून निघता येईना म्हणून फोन आला. मला बरंच वाटलं. अकराच्या सुमारास घंटा वाजली. दहा घरांतलं पहिलं आमचं होतं. दारात सार्जंट नॉर्डबी, टोपी काढून छातीशी धरलेली, मागे कॅमेरा घेतलेली एक तरुण पोलीसबाई. सासूबाई स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होत्या, पोलीस बघून हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

सार्जंटने सभेत सांगितली होती तीच वाक्यं म्हटली, सावकाश, एकेक. आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुमची मुलगी अनिका हिच्या गाडीला अपघात झाला, आणि मला सांगायला अतिशय दुःख होतं की ती वाचली नाही. वाक्यं कानांवर पडत होती. पण माझं लक्ष शेजारी होतं.

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. आई, नाटक आहे, एवढे तीन शब्द पुरले असते.

"आई, अनिका गेली," मी म्हणाले. "गाडीचा अपघात झाला. जागच्या जागी गेली."

त्यांनी दाराची चौकट धरली. ओठ थरथरायला लागले. मी मनात म्हटलं, आता.

"आणि कुश?" त्या म्हणाल्या. "कुश होता का गाडीत?"

"नव्हता. शाळेत आहे तो."

त्या बूट ठेवायच्या बाकावर मटकन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "देवा, पावलास रे बाबा," त्या म्हणाल्या. "माझा कुश वाचवलास. पोरीचं काय, आज ना उद्या ती दुसऱ्याच्याच घरी जायची होती. माझ्या घरचा दिवा राहिला. तुझे उपकार कसे फेडू?" आणि रडत रडत डोकं गुडघ्यांवर टेकलं.

सार्जंट खाली वाकला आणि त्यांचे जोडलेले हात त्याने आपल्या मोठ्या पंजात घेतले. कॅमेरा जवळ आला. सार्जंटने मान वर करून मला हळूच विचारलं की आजी काय म्हणतायत. मी काय सांगणार होते? मी म्हणाले, त्या देवाला म्हणतायत की पोरीच्या बदल्यात मला ने. त्याचे डोळे भरून आले. निघताना पायरीवर थांबून म्हणाला की नाटक आहे हे माहीत असूनही त्या अशा रडल्या, ही माया मी विसरणार नाही. हे माझं बारावं दार, आणि इथून जाताना पहिल्यांदाच कुणीतरी जिवंत आहे.

दार लावलं तरी मी खरं सांगितलं नाही. मला वाटलं, हा पहिला धक्का. माणूस धक्क्यात काहीही बोलतं. आता बसतील, मनात शिरेल, मग अनिकासाठी रडतील. मी सोफ्यावर बसून वाट बघत राहिले. सासूबाई उठल्या, तोंड धुतलं. गॅस बंद केला. सुतकात चूल नको म्हणून आमटी मोरीत ओतून दिली. देव्हाऱ्याची दारं लावून घेतली. लग्न न झालेल्या पोरीचं सुतक तीन दिवसांचं की दहा, गुरुजींना विचारायला हवं म्हणाल्या. नागपूरला आत्ता फोन नको, तिकडे सगळे झोपले असतील म्हणाल्या. कुशला घरी घेऊन ये आणि आज त्याला गाडीत पुढे बसवू नको, हेही सांगितलं. दीड तास झाला. अनिकाचं नाव एकदाही निघालं नाही. शेवटी माझाच धीर सुटला आणि मी सांगून टाकलं की हे सगळं पोलिसांचं नाटक आहे.

"म्हणजे आहे ना ती?"

"आहे."

"तुला काय बघायचं होतं गं?" एवढंच म्हणाल्या. मग, खोटं मरण बोललं की माणसाचं आयुष्य वाढतं, असं काहीतरी पुटपुटत देव्हाऱ्याची दारं उघडायला गेल्या. चांगली आमटी उगाच वाया गेली, हे मात्र संध्याकाळपर्यंत तीनदा ऐकवलं.

तेव्हा कुठे मला फिल्म आठवली. अनिकाला मराठी येतं. माझ्यामुळेच येतं.

मी सार्जंटला फोन केला. आमच्या घरचा भाग गाळा म्हणाले. तो गोंधळला. सगळ्या फिल्ममधला तोच तर सर्वांत खरा भाग आहे, का गाळू, त्याने विचारलं. काय सांगायचं? सासूबाईंना फसवून सही घेतली म्हणून? त्या जे म्हणाल्या ते मी तुम्हाला खोटं सांगितलं म्हणून? मी म्हटलं, काही नाही, उगाच संकोच वाटतो. तो म्हणाला, अशा प्रेमाचा संकोच कसला, उद्या त्यांनाही नक्की घेऊन या. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण तो माझ्या कपाळी बसला असता तर माझी तक्रार नव्हती. अनिकाला गाठायची सोय नव्हती. मेलेल्या मुलांना पोलिसांनी एका हॉटेलात ठेवलं होतं आणि फोन काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये हजारभर पोरं. पहिल्या रांगेत पांढऱ्या तोंडाची दहा मुलं, त्यात माझी. सासूबाईंना खास खुर्ची दिली होती, मांडीवर फुलांचा गुच्छ. एका बाजूला संजीव, एका बाजूला मी. कुश वर बाकांवर त्याच्या मित्रांत. इतर नऊ घरं झाली. शेवटी आमचं दार पडद्यावर आलं. सार्जंट माइकवर म्हणाला की या आजींना इंग्रजी येत नाही, पण त्या देवाला काय मागतायत ते आईने मला सांगितलं आहे. पोरीच्या बदल्यात मला ने.

मग सासूबाईंचा आवाज भोंग्यांतून जिमभर घुमला. माझा कुश वाचवलास. पोरीचं काय. माझ्या घरचा दिवा राहिला. पोरं हुंदके द्यायला लागली. दांडगे फुटबॉलवाले पोरगे बाहीने नाक पुसत होते. संजीवचा हात माझ्या हातातून निघून गेला. वर बघितलं तर कुशने तोंड गुडघ्यांत लपवलं होतं. सगळी जिम उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा सासूबाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या की मी किती म्हातारी दिसते गं यात.

अनिका उठली. मैत्रिणी तिला मिठ्या मारत होत्या, त्यांना बाजूला करत ती आजीसमोर आली आणि वाकून तिने नमस्कार केला. टाळ्या आणखी वाढल्या. "शंभर वर्षं जग," आजी म्हणाल्या. अनिकाने माझ्याकडे एकदा पाहिलं. तोंडाला रंग होता, काही कळलं नाही.

घरी आल्यावर तो रंग निघेना म्हणून मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहिले. आजीचं वय झालंय, धक्क्याने माणूस भलतंच बोलतं, असं बरंच मी बडबडले. तिने ऐकून घेतलं.

"आजीचं काही नाही, मॉम," ती म्हणाली. "ते मला माहीतच होतं."

"काय माहीत होतं?"

"पार्सलवर इंडियाचा स्टॅम्पच नसायचा. मी आठ वर्षांची असताना बघितलं होतं."

"मग पत्रं का लिहायचीस तिला?"

"तुला आवडायचं म्हणून."

मी तेलाची बाटली बेसिनवर ठेवली. ती कापसाने कपाळ पुसत राहिली, आरशातूनच बोलत होती. "तू तिला सांगितलंच नव्हतंस ना? आय आस्क्ड यू ट्वाइस."

मी बाटलीचं झाकण लावायला लागले.

"अनिका गेली, असं म्हणालीस. तुझा आवाज हललासुद्धा नाही. इतर नऊ आया बघितल्या मी, मॉम. त्यांना पण माहीत होतं नाटक आहे ते. त्यांना बोलताच येत नव्हतं. आणि तू आजीकडे बघत होतीस. यू वेअर वेटिंग."

मी म्हणाले की मी हे तिच्यासाठीच केलं. अठरा वर्षं माझ्या लेकीला जे मिळालं नाही ते मिळावं म्हणून केलं. ती हसली. रागावली असती तर मी पाय धरले असते. मग तिने दार लावून घेतलं.

जूनमध्ये तिला अठरा पूर्ण झाली. जुलैत पोलिसांचं पत्र आलं की ही फिल्म आसपासच्या सगळ्या शाळांत दाखवायची आहे, तुझी संमती हवी. मी पत्र लपवलं होतं. तिने ड्रॉवरमधून शोधून काढलं आणि माझ्यासमोर सही केली. "कुणाला काही कळत नाही," ती म्हणाली. "आणि कुणाचा जीव वाचत असेल तर वाचू दे ना." ऑगस्टमध्ये ती ॲन आर्बरला शिकायला गेली. फोन करते. आजीशी मराठीत बोलते, तिकडच्या थंडीच्या, सायकलच्या गोष्टी सांगते, दोघी हसतात. आजी आता नागपूरला परत गेल्या आहेत, तर ती तिकडेही फोन करते. मग माझ्याशी इंग्रजीत. फाइन. बिझी. बाय. तिचा बाप विचारतो की राग धरायचा तर आजीवर धरावा, तुम्हा दोघींत काय झालंय. मी म्हणते, काही नाही.

सार्जंटने एक प्रत आम्हाला दिली होती. मागच्या एप्रिलमध्ये कार्ड आलं त्या दुपारी घरात कुणी नव्हतं, मी ती लावून बघितली. आवाज बंद करून. सासूबाई चौकट धरतात, बसतात, रडतात. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही, डावीकडे बघितलं. तिथे एक बाई उभी आहे. तिची मुलगी मेली असं तिने आत्ताच सांगितलंय, आणि ती सासूच्या तोंडाकडे बघते आहे, तेलात टाकलेली मोहरी कधी तडतडते ते बघावं तशी. ओठ किंचित उघडे आहेत.

सार्जंट म्हणतो की इतक्या वर्षांत फिल्म बघणाऱ्या कुठल्याही मुलाची नजर आजीवरून हललेली त्याने पाहिली नाही. अनिका पहिल्याच वेळी माझ्याकडे बघत होती.